चोरलेले दोन महिने

माझ्या पोटात नववा महिना चालू होता आणि सरकारच्या लेखी सातवा. ह्या दोन महिन्यांपायी मी बिदरच्या नौबाद भागातल्या एका लॉजमध्ये, पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली घामानं निथळत कोंडून पडले होते. माझं माहेर तिथून मोटरसायकलवर तासाभराच्या वाटेवर. आज कुणी म्हणालं की लॉकडाऊनमध्ये काय निवांत होतं, आम्ही घरात बसून नवे नवे पदार्थ शिकलो, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवाच एका लग्नात एक बाई म्हणाल्या, हॉटेलात क्वारंटाईन म्हणजे बसल्या जागी आयतं खाणं, मजा होती की! मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि मांडवाच्या बाहेर जाऊन उभी राहिले. तिथंच थांबले असते तर त्या बाईचं काही खरं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ह्यात कुणी कुणाला विचारत नाही. सातवा सरला की बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो, ओटी भरतात, आणि लेक आईच्या घरी जाते ती बाळ घेऊनच परत येते. माझं माहेर औराद तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. लग्न होऊन मी पुण्याला गेले. नवरा एका कारखान्यात, आणि त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याजवळच राहायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. ओटीभरणाच्या तोंडावरच सगळं बंद झालं. अप्पांना, माझ्या वडिलांना, न्यायला येता येईना. ज्या दवाखान्यात माझं नाव घातलं होतं तो एका सकाळी बंद झाला, कारण तिथल्या नर्सलाच लागण झाली. दुसरे दवाखाने नव्या बाईला दारात उभं करेनात. कारखाना नेमका तेवढ्यात सुरू झाला आणि नवऱ्याला रजा मिळेना. शेवटी पास मिळाला तो दोन बायकांचा आणि एका गाडीचा, तोही हद्दीपर्यंतचा. तिथून पुढं सरकार नेईल तसं जायचं.

मला भीती वाटत होती, हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही. मी पहिल्यांदाच बाळंत होणार होते आणि मला माझी माय जवळ पाहिजे होती. डॉक्टर कुठलाही चालला असता, खाट कसलीही चालली असती. कळा सुरू होतील तेव्हा पाठीवर हात मायचा पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. बाकीचं जाऊ दे खड्ड्यात.

आता ती महिना चोरायची भानगड. आमच्या भागात पोटुशी बाईचा खरा महिना परक्याला सांगत नाहीत. कुणी विचारलं की एक-दोन महिने कमी सांगायचे, नाहीतर नजर लागते. आम्ही बौद्ध माणसं. आमच्या आज्या-पणज्यांनी देव सोडले, नवस सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. सासूबाई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात, वंदना तोंडपाठ. पण महिना खरा सांगायचा म्हटलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. मी एकदा विचारलं, आत्या, हे कुठल्या धम्मात बसतं? तर म्हणाल्या, धम्मात बसत न्हाई गं, पण लोकाच्या डोळ्यात बसतंय. ह्यावर काय बोलणार, कप्पाळ! गावाकडं तर सगळ्याच बायका असं करतात, माझी माय धरून.

पुणे-हैदराबाद रस्त्यावर जिथं हद्द लागते तिथं मांडव घातला होता. गाडीवाल्यानं आम्हाला पिशव्यांसकट उतरवलं आणि गाडी वळवून पळ काढला, कारण थांबला असता तर त्यालाही धरलं असतं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रांगेत सगळी आमच्याच भागातली माणसं, पुण्या-मुंबईहून घरी परतणारी. गवंडी, वॉचमन, धुण्याभांड्याच्या बाया. बसायला एक बाकडं नाही. पाण्याचा एक टँकर होता, तो बघायला. टेबलामागं एक साहेब बसलेला, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. मी उंच, अंगानं किडकिडीत, त्यात ढगळा गाऊन घातलेला. पोट तसं लहानच दिसायचं, नव्हतं असं मी म्हणत नाही. पण डोळे असलेल्या माणसाला कळलं असतं.

साहेबानं कानडीत विचारलं, कितवा महिना. प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं झाल्या. त्या उदगीरच्या, हद्दीवरच्या. कानडी चार शब्द येतात त्याचा त्यांना कोण अभिमान.

"एळु," त्या म्हणाल्या. सात. वर बोटंही दाखवली.

त्यांच्या मनात काही नव्हतं. परका माणूस, मागं रांग, सगळ्यांचे डोळे आमच्याकडं, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं. साहेबानं लिहून घेतलं आणि म्हणाला, लॉज पाहिजे की सरकारी हॉस्टेल ते सांगा. नववा लागला असता तर इथल्या डॉक्टरनं बघून हातावर शिक्का मारला असता आणि घरी सोडलं असतं, पण सातव्याला तशी सूट नाही.

मी म्हणाले, अहो नववाच आहे. मी कानडीत म्हणाले, शाळा-कॉलेज सगळं बिदर जिल्ह्यात झालंय माझं. साहेब काचेमागून हसला. घरी सोडतो म्हटलं की लगेच दोन महिने वाढले का अक्का, असं काहीतरी म्हणाला आणि रांगेतले दोघं-तिघं पण हसले. मी फाईल काढून समोर धरली. त्यानं खुर्ची मागं सरकवली. कागदाला पण लागण असते म्हणे. लॉजवर डॉक्टर येतील, त्यांना दाखवा. पुढचा माणूस.

सासूबाईंचा चेहरा पडला होता. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच तमाशा झाला असता.

बसमध्ये भरून आम्हाला बिदरला नेलं. हुमनाबादला बस थांबली. ढाबे सगळे बंद, रस्त्याच्या कडेनं लॉऱ्यांची रांगच रांग. मला लघवीला जायचं होतं आणि सोबतचा पोलीस खाली उतरू देईना. नवव्या महिन्यातल्या बाईला हे सांगून बघावं कुणीतरी! मी उठले, त्याला बाजूला सारलं आणि उतरले. काय करणार होता, काठी मारणार होता? एका लॉरीच्या आडोशाला सासूबाईंनी आपला पदर आडवा धरला आणि मी मोकळी झाले. त्या पलीकडून पुटपुटत होत्या, चुकलं गं पोरी, चुकलं. माझी शरम त्यांनी झाकली होती हे खरं. पण ती रस्त्यावर आणली कुणी?

हॉटेल म्हणायचं त्याला. आमच्या पदराच्या पैशानं राहायचं म्हणून हॉटेल, एरवी जेलच. दोन खाटा, सिगारेटचा वास मुरलेला पडदा, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि खाली उन्हानं तापलेली फरशी. टीव्ही होता, लागत नव्हता. खिडकीला जाळी. संडासात कमोड, त्यावर सासूबाई आयुष्यात बसलेल्या नव्हत्या आणि मला आता खाली बसता येत नव्हतं, म्हणजे तेवढं एक माझ्या सोयीचं. जेवणाची पिशवी दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवून, दार ठोठावून मॅनेजर असा पळायचा की आम्ही वाघच आहोत. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी तोच भात नव्या सांबारात. "भाकरीबिगर जेवण व्हय हे?" सासूबाई रोज विचारायच्या. मला विचारून काय उपयोग.

पहिल्या दिवशी आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले. जे सुचेल ते बोलले आणि त्यातलं काही आजही मागं घेणार नाही. त्या भिंतीकडं तोंड करून ऐकत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या मायला तेवढं सांगू नगंस. जल्मभर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई मला." मी बरं म्हणाले. दया आली म्हणून नव्हे. रस्ता मध्ये ठेवून विहिणी-विहिणींचं भांडण ऐकायची ताकद माझ्यात नव्हती म्हणून.

कारण माय तोवर आली होती. जवळच मैलूरला माझी मावशी राहते, माय तिच्याकडं मुक्कामाला आली आणि रोज सकाळी तिथून चालत नौबादला यायला लागली. लॉजसमोर रस्त्याच्या पलीकडं दोरी बांधलेली, दोरीपाशी एक पोलीस. माय दोरीच्या त्या अंगाला कडुनिंबाखाली उभी राहायची. मी जाळीला चिकटून. बोलायचं फोनवर, बघायचं एकमेकींकडं. पहिल्या दिवशी तिनं डबा आणला होता. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरल्या वांग्याचा वास मला वरपर्यंत आल्यासारखा झाला. पोलिसानं डबा परत केला. बाहेरचं आत न्यायचं नाही. अरे, आतली माणसं आजारी म्हणून कोंडलीत ना तुम्ही, मग बाहेरच्या भाकरीनं कुणाला काय होणार होतं? मी खिडकीतून हेच ओरडून विचारलं. पोलीस वर बघून म्हणाला, रूल अक्का. माय डबा घेऊन दिवसभर तिथं उभी राहिली आणि संध्याकाळी तसाच घेऊन गेली.

गल्लीतली माणसं वेगळीच. ही महाराष्ट्राची माणसं हितं आमच्या वस्तीत कामून ठेवलीत, असं मॅनेजरला खालून विचारायची. मराठीत विचारायची, हे विशेष. पुण्यात आमची घरमालकीण आम्हाला कर्नाटकवाले म्हणायची, इथं मी महाराष्ट्राची झाले. मी ह्याच गावात कॉलेज केलं, ह्याच गावात लग्नाचा चुडा भरला. पण हद्दीवरच्या माणसाला दोन्हीकडचे लोक पलीकडचाच समजतात. एरवी आम्ही ते हसण्यावारी नेतो. त्या खोलीत हसू आलं नाही.

आता फाईलचं ऐका. रोज सकाळी आरोग्य खात्याची एक बाई यायची, कपाळाला पिस्तुलासारखं यंत्र लावून ताप बघायला. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाही. मी तिला रोज फाईल दाखवायची आणि ती रोज लांबूनच मान हलवायची. तिनं डॉक्टरला फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले, नाकातलं पाणी कलबुर्गीला तपासायला गेलंय, रिपोर्ट आल्याशिवाय आम्ही हात लावून तपासू शकत नाही. मी म्हणाले, हात लावू नका, फाईल वाचा. ते म्हणाले, फाईल महाराष्ट्राची आहे, आमच्याकडं नोंद सातव्याची आहे. मी म्हणाले, नोंद माझ्या सासूनं तोंडानं दिली आणि फाईल सोनोग्राफीवरून झालीय, ह्यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, तुम्ही टेन्शन घेऊ नका, बाळाला चांगलं नसतं. मी फोन आपटला. माझाच होता, काच तडकली.

आणि रिपोर्ट? येतोय. उद्या. परवा. कलबुर्गीला गर्दी आहे. पोट खाली उतरायला लागलं होतं ते मला कळत होतं, सासूबाईंना कळत होतं. त्या रोज सकाळी माझ्याकडं बघायच्या आणि नजर चोरायच्या. आरोग्याच्या त्या बाईला हात जोडून त्यांनीही दहादा सांगितलं की माझीच चूक, पोर खरं बोलायलीय. ती बाई म्हणायची, अम्मा, आधी सात म्हणालात, आता नऊ म्हणता, आम्ही कुठलं धरायचं?

मग एक दिवस एक मोठे साहेब पाहणीला आले. हे जरा माणसात होते. उंबऱ्याबाहेर उभं राहून का होईना, माझं पूर्ण ऐकून घेतलं. फाईलही लांबून दोन पानं बघितली. म्हणाले, नोंद बदलायची तर मला काहीतरी आधार पाहिजे. मग त्यांना एक कल्पना सुचली. तुमच्या आई खाली उभ्या असतात ना, पोलीस सांगत होता. त्या तुमच्याबरोबर राहिलेल्या नाहीत, तुम्ही त्यांना पढवलेलं नाही. मी त्यांनाच विचारतो. आई थोडीच खोटं बोलणार.

मायला काही म्हणजे काहीच सांगितलेलं नव्हतं. साहेब जिना उतरायला लागले आणि मी फोन शोधायला लागले. तडकलेला तो फोन चार्जिंगला, बंद पडलेला. मी जाळीशी धावले, म्हणजे धावता येईल तेवढी.

खाली साहेब दोरीपाशी पोचले होते. पोलीस ताठ उभा राहिला. मॅनेजर दारात. मोठा साहेब आलाय म्हणून गल्लीतली माणसंही ओट्यांवर येऊन बघायला लागली. माय एवढ्या माणसांच्या मध्ये. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. रस्त्यावर एक गाडी नाही, आवाज नाही. साहेबांनी तिला विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मायचं उत्तर ऐकू आलं.

"सातवा लागलाय साहेब. अजून येळ हाय."

साहेबांनी वर माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. बघा, असं.

मग माझं डोकंच फिरलं. मी जाळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली आणि बोंबलले. "माय, नववा हाय! नववा! खरं सांग त्यास्नी!" सगळी गल्ली वर बघायला लागली. ज्या डोळ्यांपासून दोन घरच्या बायकांनी मला एवढं जपलं होतं, ते सगळे डोळे माझ्या पोटावर. सासूबाई माझ्या शेजारी येऊन जाळीतून हात बाहेर काढून ओरडायला लागल्या, "म्याच खोटं बोलले हुते! इहीणबाई, म्याच!" माय खाली मटकन बसली. तिला सगळं कळलं ते असं, भर रस्त्यात.

साहेब आरोग्याच्या बाईला जाता जाता म्हणाले, आता तिघी ठरवून बोलतायत. रिपोर्ट येऊ द्या.

त्या संध्याकाळी मायचा मावशीच्या फोनवरून फोन आला. रडत होती. मला काय म्हाईत गं, एवढी माणसं बघून माझ्या तोंडातून गेलं. मी म्हणाले, तुझ्याच तोंडानं तू मला हितं कोंडलंस. मी फोन ठेवून दिला. सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर काय काढायचा तो राग काढ, तिच्यावर नगंस. मी म्हणाले, दोघींवर पुरेल एवढा हाय.

रात्र-दिवस एकच खोली असली की राग फिरून फिरून सगळ्यांकडं जाऊन येतो. आधी सासूवर, मग मायवर, मग नवऱ्यावर, जो फोनवर काळजी घे एवढंच म्हणायचा. आणि तसाच फिरत फिरत तो एके ठिकाणी येऊन बसला, तो अजून तिथंच आहे. ह्या दोघी परक्यापुढं खोटं बोलल्या, कारण त्यांच्या आयांनी त्यांना तेच शिकवलं. परक्याला आपलं खरं सांगून आमच्या माणसांचं कधी भलं झालंय? गावच्या पाटलाला, सावकाराला, कचेरीतल्या कारकुनाला, ज्याला ज्याला खरं सांगितलं त्यानं ते आमच्यावरच उलटवलं. मग बाया निदान पोटातलं तरी लपवायला शिकल्या. त्यांना मी माफ करीन, नाही करणार, ते आमच्या घरातलं आहे. पण ह्या साहेबांचं काय? त्यांनी माझ्या सासूला विचारलं, मायला विचारलं, कागदाला विचारलं. पोट माझं होतं. मी समोर उभी होते, त्यांच्या भाषेत बोलत होते, आणि माझं सोडून सगळ्यांचं खरं धरलं. एकालाही असं वाटलं नाही की ही बाई सांगतेय तर ते खरं असेल.

दुसऱ्या दिवशी माय रोजच्यापेक्षा लवकर आली. मी जाळीशी गेले नाही. सासूबाई जाऊन उभ्या राहायच्या, हातानं खुणा करायच्या, जेवली, झोपली. माय खालून मान हलवायची. दोघींनी माझ्यामागं असा खुणांचा संसार चालवला होता. माझा धीर सुटत चालला तसा मी पुन्हा जाळीशी जायला लागले. बोलले नाही, नुसती उभी राहिले. माय बघून पदरानं तोंड पुसायची.

अशाच एका दुपारी जेवणाची पिशवी आली आणि मी ती उघडायला वाकले तेव्हा पहिली कळ आली. नंतरची आली तेव्हा शंका राहिली नाही. सासूबाईंनी दार उघडलं, जे उघडायला बंदी होती, आणि जिन्यातून अशा काही ओरडत खाली गेल्या की मॅनेजर खुर्चीवरून पडता पडता वाचला. ॲम्ब्युलन्स यायला लागला तेवढा वेळ लागला. मी खोलीत खाट धरून उभी होते. माझ्या कमरेत कुणीतरी सुरी फिरवतंय आणि मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करतेय. सातवा म्हणे. घे सातवा.

प्लास्टिकच्या पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. एकानं सांगितलं, सोबत एकच बाई, आतलीच, बाहेरची चालणार नाही. मी कठडा धरून जिना उतरले. सासूबाई पिशवी घेऊन मागं. दारातून रस्त्यावर आले आणि समोर दोरी, दोरीपलीकडं माय.

एक कळ नेमकी तिथंच आली. मी रस्त्याच्या मध्ये वाकले आणि माझ्या तोंडून निघालं, "माय गं." बोलावलं नव्हतं. निघालं.

मायनं दोरी वर केली आणि खालून अलीकडं आली. पोलीस काठी आडवी धरून पुढं झाला. वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. म्हणाला, अम्मा, मागं सरका, हिला हात लावलात तर तुम्हालाही आत ठेवावं लागेल, रूल आहे.

"ठिवा की," माय म्हणाली. "म्या कुठं न्हाई म्हनायलेय?"

आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. काठी तशीच हवेत राहिली. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर सासूबाईंचा एक पाय होता. त्यांनी तो खाली घेतला, पिशवी मायच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "इहीणबाई, तुमी जावा. पोर तुमचीच वाट बघायलीय." मग वळून एकट्याच जिना चढून त्या खोलीत गेल्या.

मुलगी झाली. लालबुंद, चांगली भरलेली, आणि आवाज असा की माझ्याच वळणावर गेलीय म्हणून सगळे हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी पूर्ण दिवसांची आहे. मी म्हणाले, हे तुमच्या साहेबांना लिहून द्या. त्यांना काही कळलं नाही. माय सगळा वेळ डोक्यापाशी होती. तिचा हात मी इतका दाबला होता की दुसऱ्या दिवशी तिची बोटं सुजली होती.

रिपोर्ट अजून आलेलाच नव्हता, म्हणून दवाखान्यातून आम्हाला परत लॉजवरच आणलं. खोलीत तिसरी गादी टाकली. माय आणि सासूबाई पहिल्यांदा समोरासमोर बसल्या आणि मला वाटलं आता पेटतंय. पेटलंही. तुमी सात म्हनलाच कामून, तुमी बी तेच म्हनलात की. असा घोळ बराच वेळ चालला. मग बाळ रडलं आणि दोघी एकदमच उठल्या. त्या कमोडच्या खोलीत, बादलीत पाणी विसणून, एकीनं पायावर घेऊन आणि दुसरीनं तांब्या धरून, त्यांनी माझ्या लेकीला न्हाऊ घातलं. मी खाटेवर पडून ऐकत होते.

आणि मग तो रिपोर्ट आला. काही नव्हतं. मला नाही, सासूबाईंना नाही. सांगायला तेच मोठे साहेब स्वतः आले, चेहरा हसरा. अप्पांना आधीच कळवलं होतं, ते गावाकडून जीप घेऊन खाली येऊन थांबले होते. साहेब म्हणाले, तुम्ही, तुमच्या सासूबाई आणि बाळ, तिघं मोकळे. जावा आता आनंदानं माहेरी.

मी विचारलं, आणि माय?

त्यांनी हातातला कागद बघितला. म्हणाले, त्या तुमच्या संपर्कात नंतर आल्या. त्यांचे दिवस त्या तारखेपासून धरावे लागतात. त्यांना थांबावं लागेल, रूल आहे.

माय म्हणाली, तू जा गं, माझं काय, मी येतेच मागून. ती बाळाचं दुपटं घडी घालायला लागली. सासूबाई पिशवी भरता भरता थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाटेवरून उठले होते ती परत बसले आणि बाळाला मायच्या मांडीवर दिलं.

साहेबांना खरंच कळत नव्हतं. बाई, गाडी खाली उभी आहे, ते म्हणाले, घर जवळ आहे, तुम्हाला आता कुणी अडवत नाही, मग ओल्या बाळंतिणीनं ह्या कोंदट खोलीत कशाला बसायचं?

"घरी कोण हाय साहेब?" मी म्हणाले. "माझी माय तर तुमच्या कुलपात हाय."

अप्पांनी आणलेली जीप रिकामी परत गेली.